डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि चेहऱ्यावरचे डाग मेकअपने कसे झाकायचे: आधी रंग ओळखा, मग कन्सीलर उघडा

कन्सीलरचा, म्हणजे डाग झाकणाऱ्या त्वचेच्या रंगाच्या क्रीमचा, दुसरा थर चढतो, मग तिसरा, आणि डोळ्यांखालचा काळपटपणा जायच्या ऐवजी राखाडी होतो. दुपारपर्यंत तो सगळा थर बारीक रेघांत जाऊन बसतो आणि काहीच लावलं नसतं तर बरं, असं वाटायला लागतं. अशा वेळी बहुतेक जण कन्सीलरला दोष देतात आणि आणखी जाड, आणखी फिकट, ‘फुल कव्हरेज’ लिहिलेला शोधायला निघतात. गोम तिथे नसते. काळ्या-निळ्यावर फिकट रंगाचा अर्धपारदर्शक थर दिला की राखाडीच तयार होणार, आणि थर वाढवला की राख वाढणार. खालचा रंग आधी मारायचा, मग त्यावर त्वचेचा रंग द्यायचा, एवढा क्रम सांभाळला तर निम्म्याहून कमी माल लागतो.

दुसरी गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. मेकअप रंग झाकतो. उंची आणि खोली झाकत नाही. पुटकुळीचा लालपणा जाईल, पण तिचा फुगवटा बाजूने उजेड आला की दिसणार. डोळ्यांखालची निळाई जाईल, पण तिथला खळगा खळगाच राहील. हे मान्य केलं की उगाच थापाथापी होत नाही.

तुमचं वर्तुळ कुठल्या जातीचं?

चेहरा स्वच्छ धुवा, पुसा, दहा मिनिटं थांबा. मग खिडकीकडे तोंड करून हातात आरसा धरा. बल्बचा पिवळा उजेड काळपटपणा लपवतो आणि डोक्यावरचा दिवा नसलेल्या सावल्या पाडतो, म्हणून ही तपासणी दिवसाउजेडीच करायची.

पहिल्यांदा हनुवटी वर उचला, म्हणजे उजेड थेट डोळ्यांखाली पडेल. काळपटपणा एकदम कमी झाला तर ती मुख्यतः सावली आहे. डोळा आणि गाल यांच्यामधला खळगा किंवा डोळ्यांखालची सूज ती पाडते. कमी झाला नाही, तर बोटाने खालची त्वचा अगदी हलकेच बाजूला ताणा. रंग तपकिरी आहे आणि ताणल्यावर तसाच राहतो, तर ते त्वचेतलं रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन. रंग निळा-जांभळा आहे आणि ताणल्यावर आणखी गडद वाटतो, तर खालच्या रक्तवाहिन्या आणि स्नायू दिसताहेत. पापण्यांवरची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असते, त्यामुळे आतलं बाहेर दिसतं. वय वाढतं तशी ती आणखी विरळ होते आणि झोप पुरेशी होऊनही निळाई हटत नाही. ‘झोपत नाहीस का गं?’ हा प्रश्न अशांना आयुष्यभर पुरतो.

प्रत्यक्षात बहुतेकांच्या डोळ्यांखाली या तिन्हींची सरमिसळ असते: आतल्या कोपऱ्यात निळं, बाहेर तपकिरी, मध्ये खळग्याची सावली. म्हणून सगळ्या भागाला एकच उपाय न लावता कुठे काय आहे ते नीट बघून ठेवा. गव्हाळ आणि सावळ्या वर्णात तपकिरी छटा बऱ्याचदा वरच्या पापणीवरही असते; तिचा विचार पुढे करावा लागणार आहे.

काळपटपणा एकाच डोळ्याखाली अचानक आला असेल, सूज उतरत नसेल, खाज आणि पाणी चालू असेल, तर मेकअपआधी डॉक्टरांना दाखवा. सतत डोळे चोळण्याची सवय आणि ॲलर्जी ही तपकिरी वर्तुळांची मोठी कारणं आहेत. तिथे चोळणं थांबल्याशिवाय काहीही लावलं तरी दर महिन्याला शेड बदलावी लागेल.

रंग रंगाने मरतो

रंगचक्रात समोरासमोर बसलेले रंग एकमेकांना फिके पाडतात. निळ्यासमोर नारिंगी, जांभळ्यासमोर पिवळा, लालसमोर हिरवा. करेक्टर नावाची कन्सीलरखाली लावायची जी रंगीत वस्तू मिळते ती याच हिशेबावर चालते.

निळसर वर्तुळांना नारिंगीच्या कुटुंबातला करेक्टर लागतो. उजळ वर्णाला फिकट पीच, गव्हाळ वर्णाला गडद पीच ते हलका नारिंगी, सावळ्याला स्पष्ट नारिंगी आणि गडद वर्णाला विटकरीकडे झुकणारा. रंग जांभळा असेल आणि वर्ण उजळ असेल तर पिवळा करेक्टर चालतो. गडद वर्णावर फिकट पीच लावला की पुन्हा तीच राख येते, कारण तो रंग तिथे सुधारणा करत नाही, नुसता वर बसतो. उलट उजळ त्वचेवर गडद नारिंगी लावला तर कन्सीलरमधून तो डोकावत राहतो. शेडच्या नावांवर विसंबू नका. एका कंपनीचा ‘पीच’ दुसऱ्याच्या ‘सॅमन’पेक्षा गडद असू शकतो. डबीतला रंग डोळ्यांनी बघा.

तपकिरी वर्तुळांसाठीही नारिंगीच घ्यायचा. तपकिरीवर नारिंगी कसा चालेल, असं वाटेल. पण मेलॅनिन त्वचेत जितकं खोल असतं तितकं वरून ते करडं-निळसर दिसतं, आणि ती करडी झाक ऊबदार रंगानेच जाते. वरवरचं, निव्वळ तपकिरी असेल तर करेक्टर अगदी नावापुरता पुरतो.

सावलीला करेक्टर नको. तिथे रंगाचा दोष नाही, उजेडाचा आहे.

नारिंगी करेक्टर नसेल तर लाल किंवा नारिंगी लिपस्टिक लावायची युक्ती खूप फिरते. मी ती सुचवणार नाही. ओठांसाठी चालणारी काही रंगद्रव्यं डोळ्यांभोवती वापरायला योग्य धरली जात नाहीत. शिवाय लिपस्टिकचा मेणचटपणा वरचा कन्सीलर घसरवतो आणि लाल छटा पातळ त्वचेला धरून बसते ती वेगळीच.

आता प्रमाणाबद्दल. मिशेल-यूजीन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये सविस्तर मांडलं की कुठलाही रंग एकटा दिसत नाही, तो शेजारच्या रंगाच्या तुलनेत दिसतो. तो गालिचे आणि विणकामाच्या सुतांचे रंग अभ्यासत होता, पण त्याचं म्हणणं आरशासमोर तंतोतंत लागू पडतं. वर्तुळ शंभर टक्के पुसायची गरज नसते. गालाशी असलेला फरक निम्म्याने कमी झाला की बघणाऱ्याची नजर तिथे अडकत नाही. आणि हाच नियम उलटाही फिरतो: डोळ्यांखाली गालापेक्षा बरंच फिकट केलं तर समोरच्याला तेच आधी दिसतं.

कन्सीलर घेताना

डोळ्यांखाली आणि डागांवर एकच कन्सीलर क्वचितच नीट बसतो. डोळ्यांखालची त्वचा सारखी हलते, कोरडी असते, तिथे पातळ, किंचित ओलसर राहणारा, मध्यम झाकणारा कन्सीलर हवा. डाग मात्र एका जागी असतो, बहुधा तेलकट भागात असतो. तिथे घट्ट, कोरडा बसणारा, जास्त रंगद्रव्याचा हवा. डबीतला किंवा कांडीच्या रूपातला त्यासाठी बरा.

शेडही वेगळी. डोळ्यांखाली त्वचेच्या रंगाचा किंवा फार तर एक शेड उजळ. डागावर मात्र त्वचेशी तंतोतंत जुळणारा, कारण उजळ कन्सीलर पुटकुळीवर लावला की ती झाकली न जाता उठून दिसते. दोन घ्यायचे नसतील तर जुळणाऱ्या शेडचा एकच घ्या. तो दोन्हीकडे निभावतो, उजळ शेड निभावत नाही.

हातावर रंग बघून शेड ठरवू नका. हात आणि चेहरा यांचा रंग सहसा जुळत नाही. जबड्याच्या कडेला, गालापासून मानेकडे जाईल अशी बारीक रेघ ओढा. दोन-तीन शेड शेजारी शेजारी लावा आणि दहा-पंधरा मिनिटं तशाच राहू द्या. अनेक कन्सीलर सुकताना, त्वचेच्या तेलात मिसळताना गडद होतात. मग उजेडात जाऊन बघा, जी रेघ शोधावी लागते ती तुमची. झुकावही तपासा: त्वचा पिवळसर असताना गुलाबी कन्सीलर घेतला तर शेड बरोबर असूनही चेहरा आजारी वाटतो.

त्वचा लवकर चिडत असेल तर कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून एक-दोन दिवस बघा.

तयारीतच निम्मं काम

कोरड्या त्वचेवर कन्सीलर म्हणजे कोरड्या भिंतीवर दिलेला चुना. आज छान दिसेल, उद्या पोपडे धरेल. फरक इतकाच की इथे उद्याऐवजी दोन तासांत धरतो. डोळ्यांखाली हलकं मॉइश्चरायझर किंवा आय क्रीम अगदी थोडं टिपून लावा आणि पाच मिनिटं थांबा. थांबणं टाळलं तर कन्सीलर त्या क्रीमवर तरंगत राहतो. पाच मिनिटांनीही चिकट वाटत असेल तर टिश्यू नुसता टेकवून उचला.

दिवसा बाहेर पडायचं असेल तर यावर सनस्क्रीन, आणि पुन्हा दहा-पंधरा मिनिटं. उन्हाने तपकिरी वर्तुळं आणि मुरुमांचे डाग दोन्ही गडद होतात, म्हणजे आज सनस्क्रीन टाळलं की पुढच्या महिन्यात कन्सीलर जास्त लागणार. बोट फिरवल्यावर थराचे बारीक गोळे सुटत असतील तर समजा की खालचं आणि वरचं उत्पादन एकमेकांना धरत नाही, किंवा खालचं जास्त झालंय. प्रमाण कमी करून बघा, तरी तेच झालं तर एक बदला.

सकाळी डोळे सुजत असतील तर थंड पाण्यात भिजवलेला, पिळलेला मऊ कपडा पाच-दहा मिनिटं ठेवा. रक्तवाहिन्या आकसतात, सूज थोडी उतरते. बर्फ थेट लावू नका.

डोळ्यांखाली: एकेक पायरी

पायरी १. करेक्टर फक्त काळ्या भागावर. सपाट छोटा ब्रश किंवा अनामिका घ्या. अनामिकेचा दाब आपसूक कमी पडतो, म्हणून तीच. आतल्या कोपऱ्यापासून वर्तुळाच्या कडेपर्यंत, जिथे काळं आहे तिथेच, इतका पातळ की खालची त्वचा दिसत राहील. पापण्यांच्या केसांपासून दोन-तीन मिलिमीटर दूर राहा. तिथे गेलेला माल डोळ्यात जातो किंवा रेघेत साचतो. कडा टिपून गालात विरवा. या टप्प्यावर डोळ्यांखाली हलकं नारिंगी दिसेल आणि घाबरायला होईल. ते अपेक्षित आहे. पण लांबूनही झगझगीत नारिंगी दिसत असेल तर जास्त झालंय, स्वच्छ बोटाने टिपून कमी करा.

पायरी २. अर्धा-एक मिनिट थांबा. करेक्टरला जागा धरू द्या. ओल्यावर लगेच कन्सीलर लावला तर दोन्ही मिसळून मातकट रंग होतो, आणि मग सगळा दोष बिचाऱ्या करेक्टरवर जातो.

पायरी ३. फाउंडेशन, म्हणजे सगळ्या चेहऱ्याचा रंग एकसारखा करणारं क्रीम, वापरत असाल तर आत्ता. चेहऱ्यावर लावून ब्रश किंवा स्पंजवर जे उरेल तेवढंच डोळ्यांखाली टेकवा. फाउंडेशनने थोडं काम आधीच झालं की कन्सीलर कमी लागतो. क्रम उलटा केला, म्हणजे कन्सीलरवर फाउंडेशन फिरवलं, तर लावलेलं पुसलं जातं.

पायरी ४. कन्सीलरचे तीन ठिपके. एक आतल्या कोपऱ्यात, जिथे निळाई सर्वांत जास्त असते; एक खळग्याच्या रेघेवर; एक बाहेरच्या कोपऱ्यात, किंचित वर. बस. डोळ्यांखालून गालापर्यंत मोठा उलटा त्रिकोण काढायची पद्धत कॅमेऱ्यापुढच्या प्रखर दिव्यांसाठी ठीक आहे; रोजच्या उजेडात गालावर तेवढा थर कशाला? ठिपके दहा-वीस सेकंद तसेच ठेवा, ते जरा घट्ट होतात आणि झाकतातही जास्त.

पायरी ५. टिपा, ओढू नका. स्पंज पूर्ण ओला करून टॉवेलमध्ये दाबून पिळून घ्या, पाणी गळता कामा नये. त्याच्या टोकाने आधी बाहेरच्या कडा गालात मिसळा आणि शेवटी मधला भाग हलकेच टिपा. मध्यापासून सुरुवात केली की जिथे माल हवा तिथूनच तो उचलला जातो. घासलं तर करेक्टरचा थर सरकतो आणि पहिल्या पायरीपासून सुरू करावं लागतं.

पायरी ६. हातभर लांबून बघा. आरशाला नाक लावून मेकअप तपासणं ही वाईट सवय. त्या अंतरावर तुम्हाला कोणी बघत नाही, आणि त्या अंतरावर प्रत्येकाला आणखी थर द्यावासा वाटतो. हात लांब करा, चेहरा डावीकडे-उजवीकडे वळवा. फक्त जिथून काळं डोकावतंय तिथे बारीक ब्रशने एक टिपका द्या.

पायरी ७. रेघा मोडून पावडर. कन्सीलर पाच-सात मिनिटांत बारीक रेघांत जाऊन बसतोच. पावडर लावण्याच्या क्षणी वर छताकडे बघा, म्हणजे त्वचा ताणली जाईल. रिकाम्या बोटाने रेघा सपाट करा आणि लगेच छोट्या मऊ ब्रशने किंवा पफने अगदी बारीक पावडर दाबून लावा. ब्रश मागे-पुढे झाडायचा नाही. रेघा मोडल्या नाहीत तर पावडर त्या तशाच कायम करते. पावडरचा जाड ढीग ठेवून काही मिनिटांनी झटकायची ‘बेकिंग’ची पद्धत तेलकट त्वचेला आणि तासन्‌तासच्या शूटिंगला ठीक, तिशीनंतरच्या किंवा कोरड्या त्वचेला ती दहा वर्षं जास्तीची चिकटवते. फारच कोरडं असेल तर पावडर फक्त आतल्या कोपऱ्यात लावा, बाकी तसंच राहू द्या.

आता वरच्या पापणीकडे. खालचं उजळलं आणि वरचं तपकिरी राहिलं तर चेहऱ्यावर उलटा गॉगल घातल्यासारखं दिसतं. करेक्टर आणि कन्सीलर लावल्यावर ब्रशवर जे उरतं ते पापणीवर फिरवा, पावडर दाबा, इतकं पुरतं. तेच ओठांच्या कोपऱ्यांचं आणि नाकपुड्यांच्या बाजूंचं. डोळ्यांखालचं सारं निस्तरल्यावर हे भाग अचानक नजरेत भरतात.

खळगा आणि फुगवटा

इथे बहुतेकांचा हात उलटा चालतो. सुजलेल्या भागावर उजळ कन्सीलर लावला की तो आणखी पुढे येतो, कारण उजळ ते जवळ वाटतं. फुगवट्यावर त्वचेच्याच रंगाचा, चमक नसलेला कन्सीलर, आणि त्याखाली जी गडद रेघ पडते तेवढ्यावरच रेघेइतक्या बारीक ब्रशने एक शेड उजळ. रेघेबाहेर तो गेला की परिणाम गेला. खळग्याचंही तसंच: खोल जागेवर उजळ, भोवती जुळणारा. चकाकी असलेला हायलायटर डोळ्यांखाली नको. तो सूजही दाखवतो आणि सुरकुत्याही.

चष्मा असणाऱ्यांनी नाकाच्या बाजूला कन्सीलर कमीत कमी ठेवावा, चष्म्याचे टेकू तो उचलतात आणि दोन गोल खुणा उरतात. जवळचं वाचायच्या, फुगीर काचांमागे डोळ्यांखालचा भाग मोठा दिसतो, तिथे पातळपणा दुप्पट महत्त्वाचा.

डाग, पुटकुळ्या, वांग

लाल पुटकुळीवर हिरवा करेक्टर हा सगळ्यांना पाठ असलेला नियम. उजळ त्वचेवर तो चालतो, तोही टाचणीच्या डोक्याएवढा. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर मात्र हिरव्यामुळे करडा ठिपका उरतो. तिथे पिवळट झाकेचा, जुळणारा घट्ट कन्सीलर सरळ लावला तरी लालपणा जातो. हिरव्याच्या मागे लागू नका.

डागासाठी बारीक टोकाचा ब्रश हवा. बोट पुटकुळीपेक्षा मोठं असतं, त्यामुळे बोटाने लावलेलं भोवतालीच जास्त पसरतं. ब्रशच्या टोकावर थोडा घट्ट कन्सीलर घ्या, हाताच्या पाठीवर टेकवून जादाचा काढा आणि डागाच्या नेमक्या मध्यावर ठेवा. हलवू नका. अर्धं-एक मिनिट तो जरा घट्ट होऊ द्या. मग स्वच्छ कोरड्या ब्रशने फक्त कडा बाहेरच्या बाजूला विरवा. मधल्या ठिपक्याला हात लावायचा नाही. विरवताना मध्याला धक्का लागला की जिथे झाकायचं तिथेच भोक पडतं आणि भोवती कन्सीलरचं कडं उरतं. शेवटी पफच्या कोपऱ्याने पावडर दाबा. कमी वाटलं तर तोच क्रम पुन्हा, पण पहिल्या थराला पावडर लागल्यावरच. दोन पातळ थर दिवसभर टिकतात. एक जाड थर घामाच्या पहिल्या धारेबरोबर सुटतो.

सुकलेली, साल निघत असलेली पुटकुळी सर्वांत त्रासदायक. कन्सीलर त्या सालीला चिकटून ती दुप्पट मोठी करतो. साल ओढू नका. पेट्रोलियम जेलीचा अगदी पुसट थर देऊन पाच मिनिटं थांबा, टिश्यूने टिपून काढा आणि मग कन्सीलर. फुटलेली, ओली, रक्त येणारी जखम असेल तर तिच्यावर मेकअप करायचाच नाही. तिथे छोटा पारदर्शक पिंपल पॅच लावून मोकळं व्हा.

मुरुम गेल्यावर मागे राहणारे तपकिरी डाग झाकायला तुलनेने सोपे: ठिपक्यापुरता नारिंगी करेक्टर, वर जुळणारा कन्सीलर. डाग बरेच असतील तर प्रत्येकाच्या मागे लागू नका. आधी चेहऱ्यावर पातळ फाउंडेशन फिरवा. निम्मे फिके डाग त्यातच जातात, उरलेल्यांतले जे लांबून दिसतात तेवढेच टिपा. खड्डे पडले असतील तर ते सपाट होणार नाहीत, मात्र चमक कमी केली तर कमी दिसतात. तिथे मॅट फाउंडेशन आणि दाबलेली पावडर, आणि गालावर चकाकणारं काहीही नको.

वांग म्हणजे गालावर, कपाळावर, वरच्या ओठावर पसरलेले मोठे तपकिरी-करडे पट्टे. यांची कड अंधूक असते, म्हणून ठिपक्यांची पद्धत इथे चालत नाही. मध्यम नारिंगी करेक्टर पातळ करून आखूड केसांच्या ब्रशने टोचत टोचत लावा, पट्ट्याच्या मध्यावर थोडा जास्त, कडेला जवळजवळ नाही. थांबा. मग फाउंडेशन त्याच टोचण्याच्या पद्धतीने. वांग नुसत्या अतिनील किरणांनीच नाही, दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतो, आणि साधं रंगहीन सनस्क्रीन तो उजेड नीट अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन तो बऱ्याच अंशी अडवतं. म्हणून वांग असणाऱ्यांनी रोज तेच वापरावं. थोडं झाकलंही जातं, आणि कित्येकदा त्यावर फाउंडेशनची गरजच उरत नाही.

जन्मखूण, भाजल्याचा व्रण, कोड यांसाठी नेहमीचा कन्सीलर अपुरा पडतो. त्यासाठी कॅमोफ्लाज मेकअप नावाचा स्वतंत्र प्रकार आहे, खूप जास्त रंगद्रव्याचा आणि पाण्याने न सुटणारा. लिडिया ओ’लिअरी या अमेरिकन बाईने १९२०च्या दशकाच्या अखेरीस असं क्रीम तयार केलं, स्वतःच्या चेहऱ्यावरची मोठी लालसर जन्मखूण झाकण्यासाठी. आजही पद्धत तीच: अतिपातळ थर, प्रत्येक थरावर पावडर, थोडं थांबून जादाची पावडर झटकणं. जाणकाराकडून एकदा शेड जुळवून घेतली की रोज घरी जमतं.

दिवसभरात काय बिघडतं

राखाडी दिसतंय: करेक्टर फिकट पडला किंवा कन्सीलर जास्त उजळ आहे. थर वाढवू नका, एक बदला. रेघा पडल्यात: ओल्या स्पंजचं टोक किंवा स्वच्छ बोट टेकवून जमलेला माल उचला, मग चिमूटभर पावडर. त्यावर नवा कन्सीलर लावला तर पुन्हा रेघा, आणखी जाड. कोरडं, भेगाळ दिसतंय: बोटांवर मॉइश्चरायझरचा अंश चोळून ती बोटं डोळ्यांखाली फक्त टेकवा. फोटोत डोळ्यांखाली पांढरे डाग येतात: पावडर जास्त झाली. सिलिकाची अतिबारीक पांढरी पावडर फ्लॅशचा उजेड परत फेकते, आरशात मात्र ती दिसत नाही. समारंभाआधी मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढून बघा.

काजळ खाली उतरून वर्तुळं गडद करत असेल तर खालच्या पापणीवर काजळाऐवजी तपकिरी आयशॅडोची कोरडी रेघ बरी टिकते. मस्कारा आणि काजळ आधी, डोळ्यांखालचा कन्सीलर नंतर, असा क्रमही लावून बघा. गळलेले कण पुसताना कन्सीलर जात नाही.

उतरवताना घाई नको

रात्री ओढून-घासून पुसल्याने डोळ्यांखालची त्वचा चिडते, आणि चिडलेली त्वचा रंग धरते. सकाळी झाकलेलं वर्तुळ रात्री आपणच गडद करायचं, असला उद्योग. कापसावर मेकअप रिमूव्हर किंवा क्लीन्झिंग ऑइल घ्या, बंद डोळ्यावर पंधरा-वीस सेकंद नुसता धरा, मग एकाच दिशेने हलकेच खाली आणा. डागांवर लावलेला घट्ट कन्सीलर तेलाने आधी विरघळवा, नंतर साध्या फेसवॉशने चेहरा धुवा. मुरुमांच्या त्वचेला ही दुहेरी धुलाई विशेष गरजेची.

स्पंज प्रत्येक वापरानंतर साबणाने धुऊन हवेशीर जागी वाळवा. डबीत ओला कोंबलेला स्पंज बुरशी धरतो. कन्सीलरचे ब्रश आठवड्यातून एकदा धुवा, पुटकुळीला लागलेला ब्रश मात्र त्याच दिवशी. ट्यूबचं टोक थेट पुटकुळीवर टेकवू नका, हाताच्या पाठीवर काढून घ्या. डबीच्या मागे उघड्या झाकणाचं छोटं चित्र असतं आणि त्यात ‘६ एम’, ‘१२ एम’ असं लिहिलेलं असतं: उघडल्यापासून तितके महिने ती वापरायची. उघडल्याची तारीख पेनाने तळाला लिहून ठेवा. वास बदलला, तेल वेगळं सुटलं, तर महिने शिल्लक असले तरी ती टाकून द्या.